पेटी, दरबार आणि बोलपट : गोविंदराव टेंबे यांचे कोल्हापूर

पॅरिसचा वाद्यकारागीर अलेक्झांद्र दबँ याने 1842 मध्ये पेटंट घेतलेले हार्मोनियम पुढच्या साठ वर्षांत महाराष्ट्राच्या नाटकगृहांत, कीर्तनांत आणि खाजगी बैठकांत इतके रुळले की त्याचे परदेशीपण सामान्य श्रोत्याच्या ध्यानातही उरले नाही. अभ्यासकांचा आक्षेप मात्र त्याच काळात धारदार होत गेला, कारण ज्या संगीताचा प्राण एका स्वरातून दुसऱ्या स्वरात घसरत जाण्यात आहे त्या संगीताला जागच्या जागी खिळलेल्या पट्ट्यांचे वाद्य कसे मानवावे, हा प्रश्न खराच होता. या प्रश्नाचे उत्तर ग्रंथांतून शोधण्यापेक्षा एका वादकाच्या कारकिर्दीतून शोधणे अधिक फलदायी आहे. कोल्हापूरचे गोविंद सदाशिव टेंबे (1881–1955) हे पेटीवादक म्हणून नावारूपाला आले, नाटकांना आणि नंतर बोलपटांना चाली देणारे रचनाकार झाले, नाटक कंपनीचे मालक आणि पडद्यावरचे नायक झाले आणि अखेरीस आपल्या काळाच्या संगीताचे मर्मज्ञ लेखक ठरले. या स्थित्यंतरांमागे एक धागा दिसतो: पेटीने त्यांना जे दिले त्याइतकेच पेटीला जे देता आले नाही, त्यानेही त्यांना घडवले.

दबँचे मूळ वाद्य टेबलासारखे उभे होते. वादक खुर्चीवर बसून दोन्ही पायांनी भाता हलवी आणि दोन्ही हात पट्ट्यांवर ठेवी. आतल्या रचनेत पितळेच्या पातळ जिभा असतात, त्यांना रीड म्हणतात, आणि भात्याने ढकललेली हवा ज्या जिभेखालून जाते ती जीभ कंप पावून आपला एकच ठरलेला स्वर देते. जमिनीवर बैठक मारून गाणाऱ्या-वाजवणाऱ्यांच्या देशात हे उभे वाद्य अवघडच होते. कलकत्त्याचे वाद्यनिर्माते द्वारकानाथ घोष यांनी 1875 च्या सुमारास भाता मागच्या बाजूला घेऊन तो डाव्या हाताने हलवण्याची सोय केली आणि आज सर्वत्र दिसणारी हातपेटी तयार झाली. महाराष्ट्रात मात्र पायपेटीही दीर्घकाळ टिकली, कारण संगीत रंगभूमीला तिचा भरदार आणि अखंड आवाज हवा होता. नटाने पद उचलले की रंगमंचासमोरच्या वादकाचे दोन्ही हात मोकळे असणे ही तिथली गरज होती, आणि पुढे त्याच जागी ऑर्गन हे आणखी मोठे वाद्य येऊन बसले.

टेंबे यांची उमेदीची वर्षे गेली ती 1890 नंतरच्या कोल्हापुरात. शाहू महाराज 1894 मध्ये गादीवर आले आणि त्यांनी मल्ल, चित्रकार, नट आणि गवई यांना जो आश्रय दिला त्याची नोंद कोल्हापूरच्या प्रत्येक इतिहासात आहे. परंतु संगीताच्या दृष्टीने त्यातली निर्णायक घटना म्हणजे 1895 च्या सुमारास अल्लादियाखाँ (1855–1946) यांची दरबार गायक म्हणून झालेली नेमणूक होय. राजस्थानातल्या उनियाऱ्यात जन्मलेल्या या गायकाने कोल्हापुरात राहून जयपूर घराण्याची गायकी पूर्णत्वाला नेली, म्हणजे अनवट आणि जोड रागांची मांडणी, लयीशी सतत गुंतलेली आलापी आणि सहज न तुटणारी, वळणांवर वळणे घेणारी तान यांची बांधेसूद शैली सिद्ध केली. शाहू महाराजांच्या निधनानंतर, म्हणजे 1922 नंतर, खाँसाहेब मुंबईला गेले, तरी त्यांचे पुत्र भूर्जीखाँ यांच्या रूपाने त्या गायकीचा एक प्रवाह कोल्हापुरातच राहिला. दरबारी गवई असूनही खाँसाहेबांचे गाणे राजवाड्याच्या भिंतीआड अडकले नाही. शहरातल्या जाणत्या रसिकांना ते ऐकता येत होते, आणि ऐकणे हीच ज्याची तालीम होती अशा तरुणाला याहून मोठे विद्यापीठ मिळणे शक्य नव्हते.

त्या ऐकण्याला घर दिले ते कोल्हापूरच्या देवल क्लब या गायन समाजाने. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस अशा गायन समाजांची महाराष्ट्रात लाट आली होती: वकील, शिक्षक, कारकून, सरदार घराण्यांतील मंडळी एकत्र येऊन जागा घेत, वाद्ये ठेवीत, आपसांत रियाज करीत आणि गावात आलेल्या कलावंताची बैठक ठरवीत. दरबारच्या आश्रयात श्रोता एकच, आणि तोही मालक असे. क्लबात श्रोते अनेक, बरोबरीचे आणि चिकित्सक असत. टेंबे यांनी संगीतातला आपला पहिला प्रवेश देवल क्लबामुळे झाल्याचे ऋण मानले आहे. पेटी ते बहुतांशी स्वतःच्या बळावर शिकले. अल्लादियाखाँ यांच्याकडे त्यांची रीतसर तालीम झाली नाही, तरी ते त्यांना गुरुस्थानी मानत, आणि खाँसाहेबांचे शिष्य भास्करबुवा बखले (1869–1922) यांच्या गायनाला त्यांनी पेटीची साथ केली. भास्करबुवांनी ग्वाल्हेर, आग्रा आणि जयपूर अशा तीन गायकींचे संस्कार पचवले होते. त्यामुळे त्यांच्या मागे बसणाऱ्या पेटीवाल्याला एकाच मैफलीत तीन वेगवेगळ्या विचारांच्या चाली ओळखाव्या लागत. गायकाची पुढची जागा त्याच्या गळ्यातून निघण्यापूर्वी अर्ध्या क्षणाने हेरून बोट तयार ठेवणे, आणि तो अनपेक्षित वळला तर स्वतःचा अंदाज गिळून मागे राहणे, हे साथीचे कौशल्य तिथे रोज पणाला लागत असे. टेंबे यांच्यातल्या पुढच्या रचनाकाराची जडणघडण या शिस्तीत झाली, असे मानण्यास जागा आहे.

आता पेटीची मूळ अडचण नीट पाहिली पाहिजे, कारण तिच्याशिवाय टेंबे यांचे मोल कळणार नाही. युरोपीय सुरावट सप्तकाचे बारा समान भाग करते. सप्तक 1200 सूक्ष्म एककांचे धरले, आणि या एककाला सेंट म्हणतात, तर प्रत्येक पट्टी पुढच्या पट्टीपासून बरोबर 100 सेंटांवर असते. तंबोऱ्याच्या तारांतून स्वयंभू उमटणारा शुद्ध गंधार मात्र षड्जापासून सुमारे 386 सेंटांवर असतो, आणि पेटीचा गंधार 400 वर. म्हणजे तंबोरा आणि पेटी शेजारी ठेवल्या तर पेटीचा गंधार चढा लागतो आणि तयार कानाला तो टोचतो. पंचमाचा फरक जेमतेम दोन सेंटांचा असल्याने तो कुणाला जाणवत नाही. तोडीचा अतिकोमल गंधार किंवा दरबारीतला आंदोलित गंधार तर कोणत्याच पट्टीवर सापडत नाही. त्यावर, मींड म्हणजे एका स्वरापासून दुसऱ्यापर्यंत मधल्या सर्व श्रुतींना, म्हणजे सूक्ष्म स्वरस्थानांना, स्पर्श करीत जाणे, हे पेटीच्या घडणीतच नाही. सारंगिया तारेवरून नख सरकवून जे सहज करतो ते पेटीवाला कधीच करू शकत नाही.

या अडचणीवर कोल्हापूरच्या आसपासच एक निराळा उपाय शोधला जात होता. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी बावीस श्रुतींची स्थाने गणिताने निश्चित करून 1910 मध्ये ग्रंथ प्रसिद्ध केला, आणि सनदी अधिकारी अर्नेस्ट क्लेमेंट्स यांच्या साहाय्याने त्या श्रुती वाजवणारी खास पेटी तयार करवली. तिच्या प्रात्यक्षिकांना अब्दुल करीमखाँ यांच्यासारख्या गायकाचीही मदत झाली. 1916 मध्ये बडोद्याला भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत या श्रुतिपेटीवर मोठी चर्चा झाली, परंतु गवयांनी ती स्वीकारली नाही. श्रुतींचे स्थान रागागणिक, किंबहुना एकाच रागात चढताना आणि उतरताना बदलते, त्यामुळे बाराच्या जागी बावीस खिळे ठोकल्याने स्वर मोकळा होत नाही, हे गवयांना अनुभवाने ठाऊक होते. देवलांचा व्यासंग आदरणीय आहे आणि त्यांच्या मोजमापांनी पुढच्या अभ्यासाला पाया दिला. पण वाद्य सुधारून प्रश्न सुटेल ही त्यांची आशा फोल ठरली.

टेंबे यांच्या पिढीतील चांगल्या पेटीवादकांनी वाद्य होते तसेच ठेवले आणि वादन बदलले. एका पट्टीवरचे बोट पुरते न उचलता दुसरी पट्टी हलकेच दाबायची, म्हणजे दोन स्वरांचा सांधा क्षणभर एकमेकांत मिसळतो. मधल्या स्वराचा कण लावून मुख्य स्वरावर यायचे, म्हणजे कानाला घसरण ऐकल्याचा भास होतो. आणि भात्याचा दाब कमी-अधिक करून एकाच स्वराला श्वासासारखी चढउतार द्यायची. हा भास निर्माण करण्यात टेंबे यांचा हात असा चालला की पेटीचे स्वतंत्र वादन, जे तोवर केवळ पदांच्या चाली ठणठणीत वाजवण्यापुरते समजले जाई, ते रागविस्ताराच्या पातळीवर गेले आणि महाराष्ट्राने त्यांना या वाद्याचा पहिला मोठा कलावंत मानले. चढा गंधार त्यामुळे खाली आला नाही, हेही तितकेच खरे. परंतु ऐकणाऱ्याचे लक्ष स्वराच्या स्थिर स्थानावरून स्वरांच्या नात्याकडे वळवता येते, एवढे त्यांनी सिद्ध केले.

ही झटापट केवळ भारतीय नाही. आर्मेनियात भास्करबुवांच्याच वयाचे कोमितास (1869–1935) हे धर्मगुरू-संगीतकार खेड्यापाड्यांतून लोकगीते गोळा करीत होते, आणि त्यांनी पियानोसाठी नृत्यरचना लिहिल्या तेव्हा तार, डफ अशा आपल्या भूमीतल्या वाद्यांचा नाद पियानोतून कसा काढावा याच्या सूचनाही वादकाला दिल्या. शंभर वर्षांनंतर त्याच भूमीतल्या ग्युमरी शहरात 1987 मध्ये जन्मलेला तिग्रान हमास्यान हा पियानोवादक जॅझमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या आफ्रिकी वंशाच्या समाजातून उगवलेल्या आणि तत्क्षणी रचना करण्याला सर्वोच्च मान देणाऱ्या संगीतात, आला. 2006 मध्ये त्याने थेलोनियस मंक यांच्या नावाची आंतरराष्ट्रीय पियानो स्पर्धा जिंकली, आणि पुढे आर्मेनियाच्या प्राचीन धर्मगीतांना आपल्या पियानोशी जोडून येरेवानच्या गायकवृंदासह 2015 मध्ये ‘ल्यूस ई लूसो’ हा संग्रह केला. आर्मेनियन लोकगायनातही पियानोच्या दोन पट्ट्यांमध्ये पडणारे स्वर आहेत, आणि हमास्यान ते पट्टीवर शोधत बसत नाही. कणस्वर, दमदार ताल आणि क्वचित स्वतःचा गळा यांच्या योगे तो त्यांची जाणीव करून देतो. टेंबे आणि हमास्यान यांच्यात शतकाचे आणि खंडांचे अंतर आहे, तरी दोघांपुढचे काम एकच होते: ज्या परंपरेत आपण वाढलो तिचा गळा, ज्याला गळाच नाही अशा वाद्यातून ऐकवणे.

जे पेटीला जमत नव्हते ते टेंबे यांनी गायकांच्या गळ्यांना दिले, आणि तिथून त्यांच्या कारकिर्दीचा सर्वांत समृद्ध भाग सुरू होतो. अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’ने 1880 मध्ये आणि ‘सौभद्र’ने 1882 मध्ये मराठी संगीत नाटकाची घडी बसवली, तेव्हा नाटककार स्वतःच प्रचलित चाली, साक्या, दिंड्या आणि कर्नाटकी वळणाची गीते निवडून त्यांवर पदे लिहीत असे. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘मानापमान’साठी किर्लोस्कर मंडळीने चालींचे काम टेंबे यांच्याकडे सोपवले, आणि 12 मार्च 1911 रोजी मुंबईत नाटक रंगमंचावर आले तेव्हा मराठी रंगभूमीचा सांगीतिक नकाशाच पालटला. टेंबे यांनी उत्तरेकडच्या ठुमरी, दादरा, कजरी, होरी या प्रकारांचा रस मराठी पदांत आणला. ठुमरी म्हणजे भावाला अनुसरून शब्द वळवत, एकाच ओळीचे अनेक अर्थ स्वरांनी उलगडत जाणारा गानप्रकार, आणि तो भामिनीसारख्या मानी, नंतर विरघळणाऱ्या नायिकेच्या तोंडी अतिशय शोभला. पूर्वीच्या नाटकांत चाल ही पद्याची वाहक होती. ‘मानापमान’मध्ये चालच पात्राचा स्वभाव सांगू लागली. नटाला मुखडा घेऊन स्वतःच्या कल्पनेने विस्तार करण्याची जागाही या रचनांत मिळाली, आणि हीच जागा पुढे गायकनट बालगंधर्वांच्या गाण्याचे वैभव ठरली. रंगमंचावरच्या गायकाला किती दोर द्यावा आणि कुठे आवरावे याची ही जाण ज्याने साथ केली आहे त्यालाच येते.

1913 मध्ये बालगंधर्व आणि गणपतराव बोडस यांच्यासह टेंबे किर्लोस्कर मंडळीतून बाहेर पडले आणि तिघांच्या भागीदारीत गंधर्व नाटक मंडळी उभी राहिली. दोनच वर्षांनी, 1915 मध्ये, टेंबे यांनी तीही सोडली आणि स्वतःची शिवराज नाटक मंडळी काढली. ‘पट-वर्धन’, ‘वरवर्णिनी’, ‘तुलसीदास’ अशी संगीत नाटके त्यांनी स्वतः लिहिली, त्यांतील पदेही त्यांचीच. मात्र गंधर्व मंडळीला लाभला तसा लौकिक शिवराज मंडळीच्या वाट्याला आला नाही. त्यांच्या चालींची ताकद किती मोठी होती याचा पुरावा त्यांच्या अनुपस्थितीतच मिळाला. टिळक स्वराज्य फंडाच्या मदतीसाठी 8 जुलै 1921 रोजी मुंबईत बालगंधर्व आणि कोल्हापूरचेच केशवराव भोसले हे दोन प्रतिस्पर्धी कंपन्यांचे मालक एकाच रंगमंचावर उभे राहिले, आणि त्या ऐतिहासिक संयुक्त प्रयोगासाठी निवडले गेलेले नाटक ‘मानापमान’ होते. बालगंधर्वांची भामिनी आणि केशवरावांचा धैर्यधर टेंबे यांच्याच चाली गात होते.

नाटकाची सद्दी ओसरू लागली तेव्हा कोल्हापूरने पुन्हा एक नवे दालन उघडले. बाबूराव पेंटर यांनी 1918 मध्ये स्थापलेल्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले व्ही. शांताराम, विष्णुपंत दामले, एस. फत्तेलाल आणि केशवराव धायबर यांनी सीतारामपंत कुलकर्णी यांच्यासह 1929 मध्ये प्रभात फिल्म कंपनी काढली, आणि 1932 मध्ये ‘अयोध्येचा राजा’ हा मराठीतला पहिला बोलपट कोल्हापुरात तयार झाला. त्याचे संगीत टेंबे यांचे, आणि दुर्गाबाई खोटे यांच्या तारामतीसमोर हरिश्चंद्राची भूमिकाही त्यांचीच. त्या काळी गाणे आधी ध्वनिमुद्रित करून पडद्यावर ओठ हलवण्याची सोय नव्हती. नट चित्रीकरणाच्या वेळीच गात असे, आणि वादक कॅमेऱ्याच्या नजरेबाहेर राहून, तरीही ध्वनिग्राहकाच्या टप्प्यात बसून साथ देत. रंगभूमीवर रात्रभर रंगणारे पद इथे फिल्मच्या लांबीत मावले पाहिजे होते, वन्समोअरला वाव नव्हता, आणि आवाज शेवटच्या रांगेपर्यंत फेकण्याचीही गरज उरली नव्हती. पन्नाशीला आलेल्या आणि दुसऱ्या माध्यमात मुरलेल्या कलावंताने हा बदल पत्करावा, ही साधी गोष्ट नव्हे. ‘अग्निकंकण’, ‘माया मच्छिंद्र’, ‘सिंहगड’ आणि ‘सैरंध्री’ या 1932–33 मधील प्रभातच्या चित्रपटांचेही संगीत त्यांचेच होते. 1933 मध्ये प्रभात पुण्याला गेली; तिथे पुढे केशवराव भोळे आणि मास्तर कृष्णराव यांनी तिच्या संगीताला निराळे वळण दिले, पण मराठी बोलपटाच्या गाण्याचा पहिला पाठ कोल्हापुरात आणि एका पेटीवादकाकडून गिरवला गेला होता.

इकडे पेटीवर मात्र मोठे संकट आले. आकाशवाणीचे पहिले नियंत्रक लायोनेल फील्डन आणि दिल्ली केंद्रावरचे इंग्रज संगीतकार जॉन फोल्ड्स यांना हे वाद्य भारतीय संगीताला घातक वाटत होते, रवींद्रनाथ ठाकुरांनीही त्याविरुद्ध पत्र लिहिले, आणि 1 मार्च 1940 पासून आकाशवाणीवर हार्मोनियमला बंदी झाली. आक्षेपांत तथ्य होते, हे गंधाराच्या हिशोबावरून उघडच आहे. परंतु बंदी घालणाऱ्यांनी वाद्याची मर्यादा पाहिली आणि वादकांनी त्या मर्यादेशी चार दशके केलेला झगडा विचारात घेतला नाही. स्वतंत्र भारतातही ती बंदी चालू राहिली आणि 1970 च्या दशकाच्या आरंभी साथीपुरती शिथिल झाली तोवर टेंबे जाऊन पंधरा वर्षे उलटली होती. हा त्यांच्यावर आणि त्यांच्यासारख्या अनेकांवर झालेला अन्यायच म्हटला पाहिजे. मैफलींनी बंदी मानली नाही. बेळगावचे विठ्ठलराव कोरगावकर आणि रामभाऊ विजापुरे, मुंबईचे पी. मधुकर आणि गोविंदराव पटवर्धन यांनी एकल वादन आणि साथ दोन्ही पुढे नेले, आणि गोव्यात जन्मलेल्या तुळशीदास बोरकरांना 2016 मध्ये याच वाद्यासाठी पद्मश्री मिळाली.

टेंबे यांनी उत्तरायुष्यात लेखणी हाती घेतली. ‘माझा संगीत व्यासंग’ आणि ‘माझा जीवनविहार’ ही त्यांची पुस्तके आत्मकथनाच्या निमित्ताने एका युगाचे संगीत टिपतात, आणि त्यांत स्वतःच्या यशापेक्षा ऐकलेल्या गायकांना अधिक जागा आहे. अल्लादियाखाँ यांचे स्वतंत्र चरित्रही त्यांनी लिहिले. गवयाची तान कशी सुटली, समेवर येताना त्याने कोणता स्वर लपवला, श्रोत्यांत कोण होते, हे सारे ज्या बारकाईने ते सांगतात ती गायकाच्या पाठीमागे बसून कान टवकारणाऱ्या माणसाचीच बारकाई आहे. त्या पिढीतले अनेक कलावंत ध्वनिमुद्रणाला नाखूश होते आणि खुद्द अल्लादियाखाँ यांचा आवाज आज कुठेही ऐकायला मिळत नाही. खाँसाहेबांनी आपले नातू अझीझुद्दीनखाँ यांना सांगितलेल्या आणि त्यांनी लिहून घेतलेल्या आठवणी 2000 मध्ये इंग्रजीत प्रसिद्ध झाल्या. त्यांच्यासोबत टेंबे यांचे हे लेखन वाचले, तर जयपूर गायकीच्या घडणीचा, गाणाऱ्याने सांगितलेला आणि ऐकणाऱ्याने टिपलेला, असा दुहेरी पुरावा अभ्यासकाच्या हाती लागतो.